गलबताचा वेग : शीड अधिक वल्ही म्हणजे किती?

पुण्यात मराठा आरमारावर बेतलेल्या आरपीजी (पात्र वठवण्याचे खेळ) मोहिमांत एक वाद हमखास निघतो. तक्त्यांत गलबताला शिडावर 6 नॉट (ताशी सागरी मैल), वल्ह्यांवर 4 नॉट. दोन्ही लावल्यावर किती?

1974 सालच्या पहिल्या आरपीजीच्या तिसऱ्या पुस्तिकेतच सागरी लढाईचे नियम होते. पुढे जहाज नुसतं वाहन झालं. त्याच खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत गॅलीला ताशी 4 मैल आणि शिडाच्या जहाजाला 2 मैल असे ठोक आकडे आहेत. वारा नसेल तर वल्ही, जोरदार वाऱ्याविरुद्ध निम्मा वेग, एवढाच वाऱ्याचा हिशोब.

कोकण किनाऱ्यावर एवढ्याने भागत नाही. गुराब हे मोठं लढाऊ जहाज, तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या, वजन 150 ते 300 टन. गलबत बहुधा 70 टनांच्या आतलं, त्याला एक मोठं तिकोनी शीड आणि 40-50 वल्ही. अठराव्या शतकातलं इंग्रजी वर्णन त्याला वल्ह्यांवर ताशी 4 मैल देतं, म्हणजे साडेतीन नॉट. तक्त्यांतले 4 नॉट हे मैल आणि नॉट यांच्या गल्लतीतून आलेले. शिवाय आजच्या मराठीत गलबत म्हणजे शिडाचं कुठलंही जहाज, त्यामुळे वल्ही ‘वरची जोड’ ठरली आणि 6 अधिक 4 बरोबर 10 असं सरळ लिहिलं गेलं. मुळा नदीवरच्या वल्हवण्याच्या शर्यती पाहिलेल्यांना 10 नॉट खटकतही नाहीत. पण रेसिंग शेल ही सहा-सात मिनिटांसाठी बांधलेली, सरकत्या बैठकीची हलकी होडी आहे.

ही बेरीज चूकच आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती घनाने. तेव्हा घनांची बेरीज करून घनमूळ काढायचं: 216 अधिक 64 म्हणजे 280, घनमूळ साधारण साडेसहा. पन्नास माणसांच्या घामाची कमाई अर्धा नॉट! प्रत्यक्षात तेवढीही नाही. शिडाच्या जोराने गलबत कलतं. वाऱ्याकडची वल्ही पाण्यापर्यंत पोचत नाहीत, पलीकडची बुडून अडकतात. आणि होडीच 6 नॉटने पळत असेल तर वल्ह्याचं पातं त्याहून वेगाने मागे रेटावं लागतं. याच गणिताने, नुसत्या वल्ह्यांवर असताना निम्मे वल्हेकरी गमावले तरी वेग पाचव्या हिश्शानेच घटतो. खेळाडूंना हे पटायला वेळ लागतो, पण लढाईत याचाच आधार असतो.

वल्ह्यांची खरी किंमत वारा पडल्यावर कळते. 1679 च्या खांदेरीच्या लढ्यात वाऱ्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या इंग्रजी जहाजांना मराठ्यांच्या लहान होड्या आवरल्या नाहीत. म्हणून अलीकडच्या तक्त्यांत दिवसाचे भाग पाडतात: पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, मधल्या पडीच्या वेळी वल्ही. वाऱ्याशी 60 अंशांचा कोन धरून वर चढताना निम्माच वेग कामी येतो. त्यात तिकोनी शीड जिला बांधतात ती आडकाठी डोलकाठीच्या पलीकडे न्यायची तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्यातून न वळवता बहुधा वाऱ्याकडे पाठ फिरवून वळावं लागतं. प्रत्येक वळणाला कमावलेलं अंतर थोडं जातं.

ओढीचा नियम सर्वांत नवा. वारा नसताना गलबतं गुराबेला दोर लावून ओढत, कारण तिच्या नाळेवरच्या तोफा शत्रूकडे वळवायच्या असत. गुराबेचा विरोध तीन गलबतांइतका धरला, तर ओढणाऱ्या दोन गलबतांची शक्ती एकूण पाच गलबतांच्या (स्वतःची दोन अधिक गुराबेची तीन) विरोधाला पुरवायची. साडेतीन नॉटला दोन-पंचमांशाच्या घनमुळाने गुणलं की 2.6 नॉट येतात. गुराबेची शिडं मात्र आधी गुंडाळलेली हवीत.