टिपाधारित किमान वेतन (अमेरिका)

टिपाधारित किमान वेतन म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ग्राहकांकडून नेहमी टिप मिळणाऱ्या कामगारांना, मुख्यतः उपाहारगृहांतील वेटर आणि बारटेंडर यांना, लागू असलेला कमी वेतनदर. संघीय कायद्याने सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. मात्र महिन्याला ३० डॉलरहून अधिक टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालते. उरलेले ५.१२ डॉलर टिपेतून मिळाले असे धरले जाते. या वजावटीला ‘टिप क्रेडिट’ म्हणतात.

१९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याच्या कक्षेत उपाहारगृहे बहुतांशी नव्हती. १९६६ च्या दुरुस्तीने ती आली, पण त्याच दुरुस्तीने मालकांना किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत टिप क्रेडिटची मुभाही दिली. हे प्रमाण पुढे थोडेफार बदलत राहिले, तरी दोन्ही दर एकमेकांशी बांधलेले होते. १९९६ मध्ये काँग्रेसने ही गाठ सोडली आणि २.१३ डॉलर हा १९९१ चा आकडा कायम केला. तेव्हापासून महागाईने त्याची क्रयशक्ती निम्म्याहून खाली आणली आहे.

टिप आणि रोख वेतन मिळून ७.२५ डॉलर होत नसतील, तर तूट मालकाने भरून द्यायची असते. हिशेब मात्र आठवड्याचा होतो. त्यामुळे शनिवारच्या गर्दीतली टिप मंगळवारच्या रिकाम्या पाळीची उणीव झाकते, आणि मंदीच्या दिवसाची जोखीम धंद्याऐवजी वाढप्याच्या पगारावर पडते. तूट मागायची तर ती पाळ्या वाटणाऱ्या मालकाकडेच मागावी लागते. या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर दोष हाच म्हणावा लागेल.

कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिटला परवानगी नाही. तेथे वेटरला पूर्ण किमान वेतन मिळते आणि टिप त्याच्यावर. तेथील उपाहारगृह व्यवसाय बुडालेला नाही, ही गोष्ट टिप क्रेडिट रद्द करावे की नाही या वादात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. तरीही वाढीव वेतनाचा बोजा कोठेतरी पडतोच. पदार्थांचे दर वाढतात, बिलात सेवाशुल्क येते, किंवा कामाचे तास कमी होतात. महागड्या उपाहारगृहांतील अनेक वेटर स्वतःच बदलाला विरोध करतात, कारण त्यांची टिप किमान वेतनाच्या कितीतरी पुढे जाते. स्वस्त खाणावळीत काम करणाऱ्यांची स्थिती अगदी वेगळी असते. वॉशिंग्टन डी. सी. मध्ये मतदारांनी २०१८ मध्ये ही सवलत रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, नगरपरिषदेने तो फिरवला आणि २०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा तोच कौल दिला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये असाच प्रस्ताव फेटाळला.

स्वयंपाकघरातील आचारी आणि भांडी घासणारे यांना टिपेतील वाटा सहसा मिळत नसे. २०१८ च्या संघीय दुरुस्तीनुसार, टिप क्रेडिट न घेणाऱ्या मालकाला टिपेची वाटणी त्यांच्यापर्यंत नेता येते. मालक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांना कामगारांच्या टिपेतून काहीही ठेवून घेता येत नाही.