आपल्याच माणसाला ‘थांब’ कोण म्हणणार?

एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. तुम्हाला जो पक्ष अजिबात आवडत नाही, त्याच्या मतदारांपैकी किती जण म्हणतील की आपला पक्ष जिंकणार असेल तर विरोधकांच्या भागातली मतदान केंद्रं कमी केली तरी चालेल? नाशिकच्या गंगापूर रोडला रविवारी मिसळीच्या टेबलावर हा विषय काढून बघा. ज्याला त्याला वाटतं की समोरचे लोक लोकशाही विकायलाच बसलेत, आणि असं म्हणणारे दोन्ही बाजूंचे लोक एकाच टेबलावर तर्रीसाठी हात पुढे करत असतात.

साधारण असेच प्रश्न अमेरिकेत आलिया ब्रेली आणि तिच्या सहकाऱ्यांनी डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन मतदारांना विचारले, तो अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. निघालं असं की दोन्हीकडच्या लोकांचा समोरच्यांबद्दलचा अंदाज सपशेल चुकीचा होता. समोरचे नियम मोडायला जितके तयार आहेत असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात ते त्याच्या जवळपासही नव्हते. पण खरी मेख पुढे आहे, ज्यांचा हा अंदाज जास्त फुगलेला होता तेच लोक स्वतः नियम मोडायला जास्त तयार होते. म्हणजे हे आपल्याकडच्या बांध कोरण्यासारखं झालं, शेजारी रात्रीतून बांध कोरणार अशी नुसती शंका आली की आपण आधीच फावडं घेऊन जायचं, आणि सकाळी शेजाऱ्याला पुरावाच मिळतो की बघा, मी म्हणत नव्हतो का! मग संशोधकांनी लोकांना आधी अंदाज करायला लावला आणि लगेच खरा आकडा दाखवला. एवढ्यानेच लोकांची स्वतःची नियम मोडायची तयारी कमी झाली.

त्यानंतर स्टॅनफर्डच्या रॉब विलर यांच्या टीमने याहून कितीतरी मोठं काम केलं. लोकशाहीसाठी लोकांचं मन कशाने वळतं याच्या आयडिया जगभरातून मागवल्या, त्यातल्या 25 निवडल्या आणि 32 हजार लोकांवर तपासल्या. समोरच्या पक्षाच्या लोकांबद्दलचा राग तर बहुतेक सगळ्याच उपायांनी कमी झाला. पण राग कमी झाला म्हणून ‘आपल्या पक्षाने नियम वाकवले तरी चालेल’ हे मत बदललं असं नाही, ते मोजक्याच उपायांनी बदललं, आणि त्यात ब्रेलीचा आकडे दाखवण्याचा उपाय होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे लोकशाही सुधारायची म्हटलं की लगेच सगळ्यांनी गोडीगुलाबीने राहा वगैरे भाषणं सुरू होतात. गोडीगुलाबी चांगलीच हो, पण ते वेगळं औषध आहे आणि आजार वेगळाय.

मग आजार कुठला? येल विद्यापीठातले मिलान स्वोलिक आणि मॅथ्यू ग्रॅहम यांनी 2020 साली छापलेल्या अभ्यासात मतदारांपुढे काल्पनिक उमेदवारांच्या जोड्या ठेवल्या. काही उमेदवारांच्या नावापुढे एखादी सरळसरळ लोकशाहीविरोधी गोष्ट लिहिलेली असायची. तेवढ्यासाठी स्वतःच्या पक्षाचा उमेदवार सोडून पलीकडे जाणारे लोक फार थोडे निघाले. लोकशाही सगळ्यांनाच आवडते हो, फक्त आपल्या पक्षापेक्षा जरा कमी! बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत हेच बजावलं होतं, राजकारणात भक्ती आली की अधःपतन ठरलेलं आणि शेवटी हुकूमशाही. तेव्हा असले सर्व्हे कोणी करत नव्हतं.

म्हणून मी हल्ली कुठल्याही देशाची बातमी वाचताना विरोधक किती ओरडले हे बघतच नाही, ते ओरडणारच, त्यांचं कामच ते. मी बघतो की सत्ताधाऱ्यांच्या घरातून कोण बोललं.

दक्षिण कोरियाचं बघा. 3 डिसेंबर 2024, रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष युन सुक योल टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ लावला म्हणाले. संसदेला सैनिकांनी आणि पोलिसांनी वेढलेलं, खासदार कंपाउंडवरून उड्या मारून आत जातायत, सदुसष्ट वर्षांचे सभापती वू वॉन-शिक तेही तसेच चढून गेले, आणि आत कर्मचारी सोफे-खुर्च्या लावून दरवाजे अडवतायत. त्यात खासदार ओरडतायत की लवकर मतदान घ्या, आणि सभापती म्हणतायत थांबा, प्रक्रियेत चूक झाली तर उद्या तोच मुद्दा होईल! रात्री एकच्या सुमारास मतदान झालं, 190 विरुद्ध शून्य, आणि पहाटेपर्यंत मार्शल लॉ मागे. त्या 190 मध्ये 18 खासदार खुद्द युन यांच्या पक्षाचे होते आणि त्यांच्या पक्षाचा प्रमुख हान डोंग-हून यानेही उघड विरोध केला. संसदेने बहुमताने सांगितलं की मार्शल लॉ उठवावाच लागतो हे तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय, म्हणून हे सगळं सहा तासांत आटोपलं. पुढे महाभियोग झाला आणि 4 एप्रिल 2025 ला घटना न्यायालयाने एकमताने युनना घरी पाठवलं.

आपल्याकडचं उदाहरण आपण नेहमी अर्धंच सांगतो. आणीबाणी आली, लोक तुरुंगात गेले (आपल्या नाशिकरोड जेलमध्येही मिसाबंदी होते), 1977 ला जनतेने सरकार पाडलं, टाळ्या. पण खरी दुरुस्ती त्यानंतर झाली आणि ती एकदम कंटाळवाणी होती, 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती. 1975 साली ‘अंतर्गत अशांतता’ या ढगळ शब्दांवर आणीबाणी लावता आली होती, तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला. तेव्हा मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं होतं, म्हणून आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. आणीबाणीतसुद्धा जगण्याचा हक्क, म्हणजे कलम 21, गुंडाळून ठेवता येत नाही. आणि राज्यसभेत जनता पक्षाकडे तेवढी मतंच नव्हती, म्हणजे ज्या काँग्रेसच्या राजवटीत आणीबाणी आली तिच्याच खासदारांनी साथ दिल्याशिवाय हे होणार नव्हतं. ते झालं. याच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही.

लोकांनी रस्त्यावर उतरून काही होतं का, असा प्रश्न येणारच. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांनी 1900 ते 2006 मधली 323 आंदोलनं तपासली, सत्ता उलथवणारी नाहीतर स्वातंत्र्य मागणारी. शस्त्र न उचललेली निम्म्याहून जास्त यशस्वी झाली, शस्त्र उचललेली साधारण चारात एक. लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक उतरले की सरकार टिकत नाही हा आकडाही तिथलाच. नाशिक जिल्ह्याला लावला तर 2011 च्या जनगणनेच्या 61 लाखांतले साधारण दोन लाख चौदा हजार. पण चेनोवेथच सांगतात की हा काही जादूचा आकडा नाही, अपवाद आहेत आणि अलीकडे अशा आंदोलनांचं यश कमी झालंय. गर्दी मोठी असली की त्यात सगळ्या थरातले लोक येतात, मग पोलिसाचा भाचा, आमदाराची मावशी असं कोणीतरी निघतंच, आणि सत्तेच्या बाजूचे लोक डगमगायला लागतात. ते डगमगणं, हा भाग महत्त्वाचा.

6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला तो सत्ता उलथवायला नव्हता, वनजमिनी आणि कर्जमाफीसाठी होता, पण डगमगण्याची तऱ्हा तीच दिसली. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी साधारण 180 किलोमीटर चालले, आणि मुंबईत दहावीची परीक्षा चालू म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून आझाद मैदान गाठलं. पायाला फोड आलेल्या बाया आणि पोरांच्या पेपरची काळजी, याच्यापुढे सरकार काय बोलणार? मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन आले, आणि सरकारात भागीदार असलेल्या शिवसेनेचे नेतेसुद्धा भेटायला गेले. 12 तारखेला लेखी आश्वासन मिळालं. पुढे पाळलं किती, यावरून 2019 मध्ये परत चालावं लागलं ते सोडा.

आता घसरलेल्या लोकशाह्या सावरतात का? स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग विद्यापीठात व्ही-डेम नावाचा प्रकल्प आहे, तिथल्या संशोधकांनी 1900 पासूनच्या घसरणी मोजल्या, निम्म्याहून किंचित जास्त वेळा गाडी वळलेली दिसली. पण वळलेली गाडी तशीच राहते असंही नाही. पोलंडमध्ये ऑक्टोबर 2023 ला 74 टक्के मतदान होऊन सरकार बदललं, पण आधीच्या सरकारने आपल्या सोयीने नेमलेल्या न्यायाधीशांचं काय करायचं? काढावं तर आपणही तेच केलं असं होतं, ठेवावं तर न्यायालयं तशीच. त्यात राष्ट्राध्यक्ष जुन्या बाजूचे, 2025 ला नवे आले तेही त्याच बाजूचे. अजून चाललंय.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं. मार्च 2022 ला नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच नाही, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात जवळपास चार वर्षं गेली, बजेटपासून सगळं प्रशासकाच्या सहीने. मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सुनावल्यावर चाकं हलली. या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली-गेली, आणि ज्याचं सरकार असेल त्याच्या कार्यकर्त्याला नगरसेवक नसल्याचं दुःख आपोआप कमी व्हायचं हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या त्यात 2025 च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली सुमारे 1,800 झाडं जाणार म्हटल्यावर लोक उठले, हरकतींचा ढीग पडला आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक शेजारी-शेजारी उभे राहिले.

आता सभागृह परत भरलंय. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे नगरसेवकाने मतदारांना बोलवून त्यांच्यासमोर बसायचं, पण ती भरलेली बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. तुम्ही ज्याला मत दिलंत त्यालाच आधी विचारा, हरलेल्याला विचारून काय उपयोग. फक्त बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, तेव्हा ती सभा नक्की कोणी बोलवायची यावरच पहिलं वर्ष जाईल असं दिसतंय.