अर्ध्या थेंबाचं माप : डिझेल पंपाच्या आत काय चालतं

विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं एक सिलिंडरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण १.१ लिटर डिझेल पितं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे डिझेल दर दुसऱ्या फेरीला, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा उडतं. भागाकार केला की एका वेळचा वाटा येतो सुमारे २५ घन मिलिमीटर, अंदाजे अर्धा थेंब. तो उडवायला नोझलची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीची, स्प्रिंग उचलावी लागते आणि त्यासाठी २०० बारच्या आसपास दाब हवा. कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट.

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात हे काम दाबलेली हवा करायची. तिचा कॉम्प्रेसर एवढा अवजड, की इंजिन गाडीवर चढवणं कठीण. १९२७ मध्ये बॉशने हवेशिवाय डिझेल थेट दाबणाऱ्या इंजेक्शन पंपाचं कारखानी उत्पादन सुरू केलं आणि ती अडचण सुटली.

पंपाचा जीव म्हणजे ‘एलिमेंट’, प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांची जोडी. कॅम, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारा उंचवट्याचा तुकडा, प्लंजरला वर ढकलतो, स्प्रिंग खाली आणते. गंमत अशी, की लोड कमी असो वा जास्त, प्लंजर दर वेळी तेवढाच वर-खाली होतो. मग डिझेल कमी-जास्त कसं होतं? प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच आणि तिला जोडलेली एक उभी खाच असते. प्लंजरच्या माथ्याने बॅरलचं भोक झाकलं की दाब चढू लागतो. तिरकी कड त्या भोकापाशी पोचली की उरलेलं डिझेल उभ्या खाचेतून परत निसटतं आणि दाब कोसळतो. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा, रॅक नावाची दांडी सरकवतो; रॅक प्लंजरला फिरवतो. फिरल्यामुळे तिरक्या कडेचा भाग बदलतो आणि भोक लवकर किंवा उशिरा उघडतं. उभी खाच थेट भोकासमोर आणली की डिझेल शून्य. इंजिन बंद होतं ते असं. प्लंजरचा व्यास ७ मिलिमीटर धरला, तर २५ घन मिलिमीटरला हिशेबाने फक्त ०.६५ मिलिमीटर चाल लागते. गळती आणि डिझेलचं दबणं धरून प्रत्यक्षात थोडी जास्त.

एलिमेंटच्या वरचा, नोझलच्या पाइपकडे डिझेल सोडणारा डिलिव्हरी व्हॉल्व्ह दुर्लक्षित राहतो. बसताना तो पाइपमधलं थोडं डिझेल मागे ओढतो, त्यामुळे नोझल झटक्यात मिटतं. तो खराब झाला की नोझल ठिबकतं आणि धूर काळा होतो.

प्लंजर-बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही जोडी एकमेकांवर घासूनच बसवलेली असते, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालू नये. पाण्याने तिला गंज चढतो, कचऱ्याने चरे पडतात. रॉकेलच्या भेसळीने वंगण कमी पडतं. झिजलेल्या एलिमेंटची खूण ठरलेली: सकाळी थंड इंजिन सुरू होतं, दुपारी गरम असताना होत नाही. तापलेलं डिझेल पातळ होऊन फटीतून गळतं आणि हॅण्डल मारण्याच्या मंद गतीत त्या गळतीला वेळही मिळतो. अशा वेळी नोझल बदलून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

टाकी कोरडी पडली की पंप एअर धरतो. हवा दबते, पण नोझल उघडत नाही. आधी फिल्टरचा, मग पंपाचा एअर-स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावं. नंतर नोझलकडचा नट ढिला करून, डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) उचलून हॅण्डल फिरवावं. नट आवळल्यावर नोझल ‘कर्र’ वाजलं, की काम झालं. फवारा तपासताना हात मात्र समोर धरू नये. फवारा कातडी भेदून आत शिरतो. वरून टोचल्याएवढीच जखम दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं.

पंप परत बसवताना खालचे शिम (पातळ पत्रे) तेवढेच ठेवावेत. शिम वाढला की बॅरल वर जातो, भोक उशिरा झाकलं जातं आणि इंजिन ताकदीत मागे पडतं, धुरकटतं. शिम कमी झाला तर ठोका येतो. आणि रॅक गव्हर्नरच्या लिव्हरमध्ये अडकला आहे ना, हे स्टार्ट करण्याआधी पाहावंच. तो सुटा राहिला, तर इंजिन वेग पकडत जातं आणि स्टॉपचा खटकाही त्याला थांबवू शकत नाही. तेव्हा एक उपाय उरतो: हवेची वाट बंद करणं, तीही लाकडी फळीने, हाताने नव्हे.