ऊठसूट हेलो इफेक्ट म्हणणं बंद करा राव

फर्स्ट इम्प्रेशनवर कुणी काही लिहिलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत 'यालाच सायकॉलॉजीत हेलो इफेक्ट म्हणतात' हे वाक्य येतंच येतं. नाही म्हणत! इंटरव्ह्यूत पोराने पहिल्या दोन प्रश्नांची खणखणीत उत्तरं दिली, पुढच्या तीनात अडखळला, तरी पॅनलने 'नर्व्हस झाला असेल बिचारा' म्हणत सांभाळून घेतलं, तर तो प्रायमसी इफेक्ट. आणि तोच पोरगा उंचापुरा, देखणा होता म्हणून पॅनलला तो प्रामाणिक पण वाटला, तर तो हेलो.

प्रायमसीचं फार सांगत नाही, सगळ्यांना अनुभवाने माहितीय. सॉलोमन ॲश या सायकॉलॉजिस्टने १९४६ साली लोकांना एका माणसाचं वर्णन ऐकवलं, हुशार, कष्टाळू, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने, म्हणजे मत्सरीपासून सुरुवात. शब्द तेच, पण पहिल्या गटाचं मत बरंच चांगलं पडलं. हुशार आधी ऐकलं की हट्टीपणा पण ठामपणासारखा वाटतो. बदलला फक्त क्रम. एवढंच.

आता हेलो, जिथे खरी गल्लत होते. हे नाव एडवर्ड थॉर्नडाइक या सायकॉलॉजिस्टच्या १९२० च्या लेखातून आलं, आणि त्याच्याकडे काय होतं बघा: अमेरिकन लष्करातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, प्रत्येकाला वेगळे गुण. थॉर्नडाइकला खटकलं ते हे की एका रकान्यात वर असलेला माणूस बाकीच्या रकान्यांत पण वरच, आणि हे नातं खऱ्या आयुष्यात शक्य नाही इतकं घट्ट. शरीराने दणकट म्हणून बुद्धीला जास्त मार्क! अधिकारी माणसाकडे एकूणच 'चांगला आहे' किंवा 'यथातथाच आहे' असं बघत होते आणि तोच रंग सगळ्या रकान्यांना फासत होते. यात फर्स्ट इम्प्रेशन कुठे आहे? कुठेच नाही. ही माणसं त्यांच्या हाताखालचीच होती, रस्त्यात पहिल्यांदा भेटलेली नव्हेत. आठ वर्षं सोबत काम केलेला बॉस अप्रेझलमध्ये 'प्रेझेंटेशन झकास करतो' म्हणून टीमवर्कला पण पैकीच्या पैकी देतो ना, तो शुद्ध हेलो, पहिली भेट केव्हाच विसरलेली असताना.

म्हणजे प्रायमसीत आधी आलेली माहिती नंतरच्या माहितीवर चढून बसते, आणि हेलोत एक गुण दुसऱ्या, काही संबंध नसलेल्या गुणावर सांडतो. एक वेळेचा मामला, दुसरा गुणांचा.

मग घोळ का होतो? कारण नव्या माणसाला भेटताना दोन्ही एकदम चालू असतात. सगळ्यात आधी दिसतो चेहरा, आणि चेहराच बाकी गुणांवर सांडतो. कुठला गुण सांडणार हे क्रमाने ठरलं, पण सांडणं हे वेगळं काम आहे, आणि ते उलट्या दिशेने पण चालतं हे लोक विसरतात. निसबेट आणि विल्सनने १९७७ साली मिशिगन युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना एकाच प्राध्यापकाच्या मुलाखतीचे दोन व्हिडिओ दाखवले, एकात तो प्रेमळ, दुसऱ्यात तुसडा. माणूस तोच, त्याचे युरोपियन उच्चार तेच. तुसडा बघितलेल्यांना त्याचं दिसणं, लकबी, उच्चार सगळंच खटकलं. म्हणजे इथे स्वभाव दिसण्यावर सांडला. वर विचारल्यावर पोरं म्हणतात स्वभावाचा काही परिणाम नाही, उलट त्याचे उच्चार वगैरे आवडले नाहीत म्हणून तो माणूस नावडला!

आकर्षणाबद्दल बोलताना डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांचा १९७२ चा प्रयोग सगळे सांगतात, फोटोतल्या देखण्या माणसांचा स्वभाव, नोकरी, संसार सगळं चांगलं असणार असं लोकांनी ठरवून टाकलं. पण त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही: आईबाप म्हणून ते जास्त चांगले असतील असं काही लोकांना वाटलं नाही. म्हणजे हेलो सगळीकडे सारखा पसरत नाही.

हॉर्न इफेक्ट म्हणजे हेलोच, फक्त वाईट बाजूने. आणि 'एका सेकंदात मत बनतं' हा तिसराच विषय, वेगाचा. २००६ मध्ये विलिस आणि टोडोरोव्हने दाखवलं की एक दशांश सेकंद चेहरा बघून बनलेलं मत जास्त वेळ दिला तरी फारसं हलत नाही, खात्री तेवढी वाढते. ते मत बरोबर असतं असं त्यातून सिद्ध होत नाही, कृपया तसं फॉरवर्ड करू नका.

मी एवढं डोकं खातोय ते उपायांसाठी. प्रायमसीला मधे खंड पाडणं चालतं. लुचिन्सने १९५७ मध्ये जिम नावाच्या मुलाबद्दलचे दोन एकमेकांच्या उलट उतारे वाचायला दिले, मधे गणितं सोडवायला लावली, तर पहिल्याचा जोर गेला आणि नंतरचाच उतारा वरचढ ठरला. हेलोला हा उपाय काही कामाचा नाही, तिथे रकाने तोडावे लागतात. डॅनियल कानेमन हा सायकॉलॉजिस्ट परीक्षेचे पेपर तपासताना आधी सगळ्या विद्यार्थ्यांचं पहिलं उत्तर तपासायचा, मार्क न दिसतील असे लिहायचा, मग सगळ्यांचं दुसरं. तेव्हा एकाच पोराच्या दोन उत्तरांच्या मार्कांत चांगलाच फरक पडायला लागला आणि त्याचा स्वतःच्या तपासणीवरचा भरवसा कमी झाला, तरी त्याने पद्धत सोडली नाही, कारण आधीचा भरवसाच खोटा होता, पहिल्या उत्तराचा रंग दुसऱ्याला लागून आलेला.