रिपोर्ट नॉर्मल, मग जळजळ कसली?

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, दोन दिवस चहा बंद. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. पण कंडोमशिवाय आलेल्या संबंधानंतर सुरू झालेली जळजळ महिना उलटला तरी जात नाही, तेव्हा माणूस गुपचूप लॅब गाठतो आणि रक्त देतो. एचआयव्ही निगेटिव्ह, व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह. कागद घडी होऊन खिशात जातो, जळजळ मात्र तशीच.

खरं तर या दोन तपासण्यांनी जळजळीचं कारण शोधलेलंच नसतं. व्हीडीआरएल आहे सिफिलिससाठी, म्हणजे गरमीसाठी. मूत्रमार्ग सुजवणारे गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे जंतू लघवीत किंवा स्रावात शोधावे लागतात. साधं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, तेही पुरत नाही. क्लॅमिडिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येणारच. त्यासाठी जंतूची जनुकं शोधणारी पीसीआरसारखी चाचणी लागते.

त्यातही बाटलीत कुठली लघवी धरली, याला महत्त्व आहे. कल्चरला मधली धार लागते, तर पुरुषांच्या पीसीआरला अगदी पहिली, साधारण 20 ते 30 मिलिलिटर. आणि त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तराला धरून असतात, पहिली धार त्यांना धुऊन आणते. सवयीने मधली धार दिली, तर तपासायचं तेच संडासात वाहून गेलेलं असतं.

एवढं करूनही एक जंतू निसटतो: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम. 1980 साली लंडनमध्ये मूत्रमार्गदाह झालेल्या दोन पुरुषांच्या नमुन्यांतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, जेमतेम 5 लाख 80 हजार अक्षरांचा. माणसाचा सुमारे 300 कोटींचा. त्याला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नाही, म्हणून जंतू रंगवून पाहायच्या ग्रॅम रंगाच्या स्लाइडवर तो दिसत नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं भिंतीवर घाव घालतात. इथे भिंतच नाही! प्रयोगशाळेत वाढायला त्याला आठवडे, कधी महिने लागतात. अमेरिकेत त्याच्या चाचणीला मंजुरी मिळाली ती थेट 2019 मध्ये. मेडिकलमधून आणून घेतलेला ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस त्याला पुष्कळदा मारत नाही, उलट प्रतिरोधक जंतू तेवढे मागे ठेवतो.

लघवीत पस सेल्स (पू-पेशी) भरपूर आणि कल्चर कोरं, असं वारंवार आलं तर आपल्या देशात मूत्रसंस्थेचा क्षयरोग आठवायलाच हवा. खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला मूतखडाही अशीच जळजळ करतो. ताप, लघवीत रक्त किंवा अंडकोशात दुखणं असेल, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं.

आणि कधी कधी जंतू नसतोच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले राहतात. बसलं की दुखतं, पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटतं. धास्तीने ते आणखी आवळतात. प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसतो, त्यातले 90 टक्क्यांहून अधिक पुरुष याच, जंतू न सापडणाऱ्या दुखण्याच्या गटातले असतात. तिथे तिसऱ्या अँटिबायोटिक कोर्सपेक्षा कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि फिजिओथेरपिस्टकडून स्नायू सैल सोडायला शिकणं कामी येतं. यूट्यूबवर पाहून केलेले किगल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू मुद्दाम आवळायचे व्यायाम, मात्र नकोत. ते आवळलेलं आणखी आवळतात.