मातीखालच्या शिशाचा माग

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या घराच्या तळघरात उतरलं, की भिंतीतून किंवा फरशीतून वर आलेला अंगठ्याएवढा जाड पाइप दिसतो. त्याच्या टोकाला पाण्याचं मीटर असतं, आणि वर्षानुवर्षांची धूळ आणि रंगाचे थर यामुळे तो विषारी शिशाचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे नुसतं बघून कळत नाही. मग मीटरच्या अलीकडे किल्लीने हलकेच खरवडायचं. तांबूस चमक दिसली तर तांबं. किल्ली सहज रुतली आणि ओरखडा चांदीसारखा लकाकला तर शिसं. ओरखडा मळकट करडाच राहिला आणि लोहचुंबक टपकन चिकटला, तर तो लोखंडी, बहुधा आपण ज्याला जीआय म्हणतो तो जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. शिशाला चुंबक चिकटत नाही.

आणखी एक खूण म्हणजे सांधा. जुने प्लंबर अर्धवट वितळलेला डाख जाड कापडाने गोल पुसत पुसत शिशाचा पाइप जोडत. त्यामुळे सांध्यापाशी, सापाने उंदीर गिळल्यावर दिसतो तसा गुळगुळीत फुगवटा राहतो. एकदा पाहिला की विसरत नाही. (खरवडताना पॉलिश पेपर वापरू नये, हात धुवावेत. शिशाची भुकटीही शिसंच.)

पण एवढ्यावर विश्वास ठेवला तर फसगत होते. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीपासून घरापर्यंत येणारी ही जोडणी बऱ्याचदा दोन तुकड्यांची असते. वाहिनीपासून पदपथाजवळच्या व्हॉल्व्हपर्यंतचा भाग शहराचा, पुढचा घरमालकाचा. तळघरात तांबं दिसतंय म्हणून निश्चिंत व्हावं, तर व्हॉल्व्हपलीकडे शिसं! किल्लीला दिसतो तो फक्त शेवटचा हातभर पाइप.

मग नळाचं पाणीच तपासून का नाही बघत? तेही वाटतं तितकं सरळ नाही. सकाळी नळ उघडल्यावर पहिला लिटर येतो तो घरातल्याच पाइपांमधला. जमिनीखालच्या जोडणीत रात्रभर थांबलेलं पाणी काही लिटर उलटल्यावर येतं, म्हणून आता तिथल्या नियमांत शिशाची जोडणी असलेल्या घरी पाचव्या लिटरचा नमुनाही घेतात. शिवाय शिशाच्या पाइपला आतून क्षारांचा पापुद्रा धरलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत पाण्यात शिसं फारसं उतरत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो. पाण्याचं रसायन बदललं, की तोच पापुद्रा सुटू लागतो. राजधानी वॉशिंग्टनमध्ये 2000 साली जंतुनाशक म्हणून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत नळाच्या पाण्यातलं शिसं झपाट्याने वाढलं. पाइप तेच होते.

फ्लिंटमध्येही तेच झालं, पण जास्त निष्काळजीपणाने. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला शहराने डेट्रॉइटकडून येणारं सरोवराचं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. आधीच्या पाण्यात फॉस्फेट असायचं. ते शिशाशी संयोग पावून न विरघळणारा थर धरतं. नदीच्या पाण्यात गंज वाढवणारं क्लोराइड जास्त, आणि फॉस्फेट कुणी घातलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणं बंद केलं. माणसं मात्र आणखी वर्षभर ते पीत राहिली. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी सप्टेंबर 2015 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची आकडेवारी जाहीर केली, त्यानंतर कुठे जुनं पाणी परत आलं.

आता पाइप बदलायचे ठरले, पण कुठले? शहराकडे नोंदी होत्या त्या हजारो छोट्या कार्डांवर आणि हाताने खुणा केलेल्या जुन्या नकाशांवर. काही खुणा पेन्सिलीच्या. (आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ज्या नोंदींत शिसं शोधायचं, त्या अशा!) शिवाय प्रत्यक्ष खणल्यावर नोंद एक आणि पाइप भलताच, असंही अनेकदा निघालं.

पुढचा भाग मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो. जेकब अबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ या मिशिगन विद्यापीठाशी संबंधित दोन संशोधकांनी घराचं वय, किंमत, ठिकाण, जुन्या नोंदी अशी माहिती एकत्र करून प्रत्येक घराखाली शिसं असण्याची शक्यता संगणकाकडून काढून घेतली. पूर्ण पाइप उकरायला काही हजार डॉलर लागतात. त्याऐवजी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती सैल करून ती मोठ्या व्हॅक्यूमने ओढून घेतली, की व्हॉल्व्हपाशी छोटा खड्डा काही शे डॉलरमध्ये होतो. खड्ड्यात जे दिसेल ते संगणकाला सांगायचं, आणि पुढची यादी तो सुधारतो. 2017 मध्ये साधारण 70 टक्के ठिकाणी खोदकाम सार्थकी लागलं.

2018 मध्ये काम एका कंपनीकडे गेलं, संगणकाचं हे मॉडेल बाजूला पडलं आणि वॉर्डावॉर्डात सरसकट खणणं सुरू झालं. शिसं सापडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास घसरलं. यामागे केवळ अडाणीपणा होता असं मी म्हणणार नाही. शेजारच्या आळीत खणलं आणि माझ्या दारात नाही, का, तर संगणक म्हणतो म्हणून? ज्यांना वर्षभर 'पाणी चांगलं आहे' असं सांगितलं गेलं, त्यांनी हे का ऐकावं? तरी खड्डा तांब्यावर पडला की शिशाचं पाणी पिणारं दुसरं घर मागे राहतं, हेही तितकंच खरं. 2019 मध्ये शहर पुन्हा मॉडेलकडे वळलं. काम पुरं झाल्याची घोषणा व्हायला जुलै 2025 उजाडलं. तोवर जवळपास 11,000 शिशाचे पाइप निघाले होते.

महाराष्ट्रात घरोघरच्या जोडण्या मुख्यतः जीआयच्या आणि आता प्लॅस्टिकच्या, त्यामुळे आपला प्रश्न वेगळा आहे. जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांचे सांधे मात्र वितळलेलं शिसं ओतून भरत, आणि पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. त्यांना आळा घालणारे केंद्राचे नियम 2021 चे. पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे.

शिकागोत जुन्या घरात भाड्याने राहणाऱ्या मराठी मंडळींचा संबंध थेट आहे. 1986 मध्ये देशभर बंदी येईपर्यंत त्या शहराच्या नियमांनुसार घरांना शिशाचीच जोडणी लागायची. आजही तिथे सुमारे चार लाख अशा जोडण्या आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, शिसं उरतं. 16 ऑक्टोबर 2024 पर्यंत प्रत्येक अमेरिकी पाणीपुरवठा संस्थेला जोडण्यांची यादी करणं बंधनकारक होतं, आणि अशा याद्यांत कित्येक घरांपुढे धातूचं नाव नसून 'माहीत नाही' एवढंच लिहिलेलं आहे. त्या घरांना तसं कळवणारं पत्रही जातं. घरमालकाला विचारून तळघरात जायचं, किल्ली आणि फ्रिजवरचा एखादा चुंबक घेऊन. ओरखड्याचा फोटो बऱ्याच संस्था स्वीकारतात.