मधमाशी उजवीकडे का गेली नाही?

‘लातूर पॅटर्न’ बारावीपुरता होता असे वाटत असतानाच, गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रातून ‘वय वर्षे ३ पासून कोडिंग’ अशी जाहिरात घरी आली. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांची फसवेगिरी पाहिलेल्या माणसाला असल्या दाव्यांचे कौतुक राहत नाही. मात्र जाहिरातीतले खेळणे, म्हणजे मधमाशीच्या रूपातला ‘बी-बॉट’, खरोखर लक्ष देण्याजोगे आहे.

त्याच्या पाठीवर चार बाण असतात. पुढचा बाण दाबला की ते १५ सेंटिमीटर पुढे सरकते. डावा-उजवा बाण मात्र त्याला सरकवत नाही, जागच्या जागी ९० अंशांत वळवतो. शिवाय बाण दाबताच काहीच घडत नाही. आज्ञा क्रमाने साठत जातात आणि मधले हिरवे बटण दाबल्यावर एकामागून एक पार पडतात.

परभणीजवळच्या एका बालवाडीत शहाबादी फरशीवर खडूने १५ सेंटिमीटरचे चौकोन आखले होते. ‘घर’ लिहिलेल्या चौकोनातून उजव्या हाताच्या ‘विहिरी’वर मधमाशी न्यायची होती. पाच वर्षांच्या मुलीने उजवा बाण आणि हिरवे बटण दाबले. मधमाशी नुसतीच वळली. मग मुलीने पुढचा बाण आणि पुन्हा हिरवे बटण दाबले, तर मधमाशी आणखी एकदा उजवीकडे वळून घराच्या मागच्या चौकोनात गेली! मधमाशी वळली आहे, आता फक्त पुढे न्यायची, हा मुलीचा तर्क चोख होता. पण पहिली आज्ञा पुसली गेली नव्हती, म्हणून ‘उजवीकडे वळ, पुढे जा’ असा दोन्ही आज्ञांचा क्रम सुरुवातीपासून चालला, आणि तोही आधीच वळून बसलेल्या मधमाशीवर. यंत्राची स्मृती आणि यंत्राची सध्याची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही संगणकशास्त्रातली मूलभूत बाब तिच्यासमोर फरशीवरच घडली.

१९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणारे सिमोर पेपर्ट यांचा भर याच अनुभवावर होता. लोगोच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव पुढे आले, आणि अडलेल्या मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे, असे ते सांगत. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या पेपर्ट यांना मुलाचे शरीर हेच त्याचे पहिले भूमितीचे साधन वाटे. त्यासाठी खेळणे विकत घ्यावेच लागते असेही नाही; अंगणात ठिकरीसारखे चौकोन आखून एकाने यंत्र व्हावे, दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात.

ती मुलगीही उठली, घराच्या चौकोनात उभी राहिली, उजवीकडे वळली आणि एक पाऊल टाकून विहिरीवर पोहोचली. बाईंनी दाखवलेल्या फुलीच्या बटणाने तिने जुन्या आज्ञा पुसल्या, मधमाशी उचलून घरात ठेवली आणि बाण दाबण्याआधी विचारले, “बाई, हिचं तोंड आधी कुणीकडं होतं?”